पंचवीस वर्षं आपली राखण केलेल्या माणसाला आता कुणी सांभाळायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तुमच्या १८ फ्लॅटच्या अपार्टमेंटचा वॉचमन नेपाळी आहे, २५ वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे आहे. वय सत्तरीच्या पुढे, नक्की कुणालाच माहीत नाही. पहाटे पाण्याची मोटर चालू करायला जाताना पार्किंगमध्ये घसरला आणि खुब्यात हाड मोडलं. वर्गणी काढून तुम्ही ऑपरेशन केलंत. आता चार दिवसांत डिस्चार्ज आहे. आधार नाही, रेशनकार्ड नाही, गावाकडचा एकही कागद नाही. मीटिंगमध्ये निम्मे म्हणतात गाडीत बसवून गावी पाठवू, काही म्हणतात वृद्धाश्रम बघू. एकांनी विचारलं, परदेशी माणूस विनाकागद ठेवला म्हणून उद्या पोलीस आपल्यालाच धरणार नाहीत ना? आणि शेवटी तुमचा प्रश्न: यात आमची जबाबदारी नेमकी किती?

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं. ज्या पेशंटच्या केसपेपरवर नातेवाइकाचा रकाना रिकामा, तो माझ्या टेबलावर यायचा. असे म्हातारे मी शेकड्यांनी पाहिलेत. त्यातले बहुतेक परदेशी नव्हते. कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून, ओडिशातून तरुणपणी कामाला आलेले, कागद हरवलेले, घरच्यांनी नाव टाकलेले असेच जास्त. नेपाळी थोडे. पण प्रत्येकाच्या वेळी मीटिंग तुमच्यासारखीच व्हायची. माणूस ठेवायचा कुठे, पैसे कुणी द्यायचे आणि कायदा काय म्हणतो, हे तीन प्रश्न एकाच वेळी निघायचे, एकात एक गुंतायचे आणि माणूस वॉर्डात तसाच पडून राहायचा. म्हणून मी ते सुटे करून सांगते. क्रम मात्र माझा.

आधी त्याचं शरीर. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याचे पहिले सहा आठवडे हेच खरं संकट असतं, पोलीस नंतर. तुम्ही लिहिलंय की त्याची खोली जिन्याखाली आहे आणि संडास देशी. खुब्याचा गोळा बदलला असेल तर उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. बसला तर बदललेला गोळा खोबणीतून निसटू शकतो. म्हणजे उंच कॉट, कमोडची खुर्ची आणि वॉकर, या तीन वस्तू तो यायच्या आधी खोलीत हव्यात. तो पडून राहिला तर दर दोन तासांनी कूस बदलायला हवी. रोज अंग पुसताना माकडहाडावर आणि टाचांवर बघा. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावरही पांढरा पडला नाही, तर तिथे बेडसोर सुरू झाला असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. असे डाग मी मुठीएवढ्या खड्ड्यांत बदललेले पाहिलेत, तेही प्रेमळ लोकांच्या घरात, कारण कुणी चादर उचलून बघितलंच नव्हतं.

सहा आठवड्यांत तो वॉकरवर चालायला लागला तर पुढचे सगळे पर्याय खुले राहतात. अंथरुणाला खिळला तर वृद्धाश्रमाचं दार जवळजवळ बंद होतं. बहुतेक वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणारा माणूसच घेतात, आधार मागतात, स्थानिक जामीनदार मागतात. शहरी बेघरांचा निवारा आसऱ्यापुरता असतो, तिथे खुबा मोडलेल्या माणसाला उचलायला हात नसतात. त्यामुळे 'वृद्धाश्रम बघू' म्हणणाऱ्यांनाही हे सहा आठवडे टाळता येणार नाहीत. फिजिओथेरपिस्टच्या पैशांत हात आखडू नका एवढीच विनंती.

आता कायदा, कारण त्या भीतीनेच माणसं मागे सरतात. तो खरोखर नेपाळी नागरिक असेल तर इथे राहण्यासाठी त्याला व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळमध्ये मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, मालमत्तेची, व्यापाराची आणि फिरण्याची मुभा दिली. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला, त्यातही नेपाळ-भूतानमधून येणाऱ्या तिथल्या नागरिकांची पासपोर्ट-व्हिसाची सूट कायम आहे. तेव्हा तुमचा माणूस बेकायदा राहिलेला नाही. आपण कोण हे दाखवणारा कागद त्याच्याकडे नाही, अडचण तेवढीच आहे. परदेशी पेशंटची माहिती कळवणं हे रुग्णालयाचं काम, ते करतील. तुम्हीही जवळच्या पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज द्या: अमुक इतकी वर्षं आमच्याकडे कामाला, अमुक तारखेला पडला, आम्ही सांभाळतोय. पोचचा शिक्का घ्या. लपवाछपवी केलीत तर संशय येतो, आणि पुढे वृद्धाश्रम असो की दूतावास, हा शिक्का सगळीकडे उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र करू नका. 'दोन हजारांत आधार काढून देतो' म्हणणारा एजंट कुणीतरी सुचवेलच. खोटी ओळख देऊन आधार काढणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि गरजही नाही. नेपाळी माणसाला सरळ मार्गाने आधार मिळू शकतं. नेपाळचा पासपोर्ट हवा, तो नसेल तर तिथलं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि इथल्या नेपाळी दूतावासाने दिलेलं फोटोचं ओळखपत्र. या सगळ्याचं मूळ गावाकडच्या त्या प्रमाणपत्रात आहे. ते लोक त्याला 'नागरिकता' म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते, आणि घरचं कुणी हयात असेल तर जुन्या नोंदीवरून नक्कल निघू शकते.

तो नसता नेपाळी, सीमा ओलांडून परवानगीशिवाय आलेला असता, तर कायदा वेगळा होता आणि कळवणं भागच होतं. पण तेव्हाही उपचार थांबवता आले नसते. आपल्या संविधानात कलम १९ चे हक्क 'नागरिकांना' आहेत, कलम २१ मध्ये मात्र 'व्यक्ती' असा शब्द आहे. जगण्याचा हक्क व्यक्तीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात हेच सांगितलं, नागरिक असो वा नसो, माणसाचा जीव राखणं राज्याचं काम आहे. त्याच वर्षी पश्चिम बंगालच्या खटल्यात म्हटलं, सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ चा भंग. धर्मादाय रुग्णालयांनाही तातडीच्या पेशंटला धोक्यातून बाहेर काढल्याशिवाय परत पाठवता येत नाही. नव्या आलेल्या मुलामुलींना मी हे पाठ करायला लावायचे, कारण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न आधारचा निघतो.

पण खरं सांगायचं तर कायदा आपल्याला कॅज्युअल्टीच्या दारापर्यंतच साथ देतो. जीव वाचला की पुढे रिकामी जागा. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा उघडून बघा, ज्येष्ठ नागरिकाच्या व्याख्येतच 'भारताचा नागरिक' आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये घ्यायचे तर महाराष्ट्रातलं १५ वर्षांचं वास्तव्य दाखवायचं. तुमचा माणूस ते तोंडाने सहज सांगेल, पण रहिवासाचा दाखला कशाच्या आधारावर काढणार? अधिवासाच्या दाखल्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास', तिन्ही एकाच कागदावर. सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान योजनेचं उपचारांसाठी ५ लाखांचं कवच आलं, तेही आधारवर. म्हणजे तो इथे मरू नये याची काळजी आपण घेतली आहे, पण तो इथे म्हातारा होईल याचा विचार कुणी केलेला नाही. तुमच्या मीटिंगमध्ये जो गोंधळ झाला तो या रिकाम्या जागेमुळे. तुमची माणसं वाईट आहेत म्हणून नाही.

या जागेत कुणी उभं राहायचं? माझं मत सरळ आहे. ज्यांनी त्याची उमेदीची वर्षं घेतली त्यांनी आधी. पगार देत होतो, हिशेब मिटला, असं तुमच्याकडचं कुणी म्हणेल. मग तो पगार किती होता ते काढा. चोवीस तास राहणाऱ्या माणसाला तुम्ही बारा तासांचे पैसेही दिले नसतील, कारण 'खोली फुकट आहे' असं धरलेलं असतं. त्याचा ना पीएफ कापला गेला, ना ग्रॅच्युइटी ठेवली गेली. लहान सोसायटीला त्या कायद्यांचं बंधन नसतं, म्हणून ते पैसे वाचले. कुणाचे? मेंटेनन्स दरमहा शे-दोनशेने कमी राहिला तो त्यामुळेच. त्याच्या म्हातारपणासाठी बाजूला पडायला हवे होते ते पैसे २५ वर्षं १८ घरांत थोडे थोडे वाटले गेले. आता ते परत गोळा करायचे आहेत, मी याला उपकार म्हणणार नाही. घरटी ७०० रुपये धरले तर महिन्याला १२,६०० होतात. दिवसा येणारी एखादी मावशी, औषधं आणि जेवण यांची निदान सुरुवात त्यात होते. शिवाय तो कामावर असताना पडला आहे. कामगार भरपाईचा कायदा नागरिकत्व विचारत नाही, तो तुमच्या सोसायटीला कितपत लागतो हे तुमच्यातल्या वकिलांकडून समजून घ्या, आणि लागत असेल तर आपणहून मान्य करा.

महापालिकेने, सरकारने काहीच करायचं नाही का? करायचंच आहे. संविधानाचं कलम ४१ म्हातारपण आणि आजारपण यांत सार्वजनिक मदतीबद्दल बोलतं. जिल्ह्यात कागद न मागणारी, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घेणारी वीस-पंचवीस खाटांची एक जागा असावी, हे मी नोकरीत असताना दर बैठकीत मांडलं आणि अजूनही मांडते. पण ती जागा होईपर्यंत हा माणूस थांबू शकत नाही.

यावर हमखास एक प्रश्न येतो: 'आपलेच म्हातारे रस्त्यावर आहेत, बाहेरच्यांचं कुठे करत बसायचं?' कोल्हापूरकराने हे विचारलं की मला वळिवडं आठवतं. दुसऱ्या महायुद्धात देश गमावलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांच्यातल्या काहीजणांच्या कबरी इथेच आहेत. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, जाता-येता आपण बघतो. या गोष्टीत मला एक बारीक बाब फार महत्त्वाची वाटते. छावणीचा खर्च सुरुवातीला लंडनमधल्या पोलिश सरकारने उचलला होता, कोल्हापूरने जागा दिली, शेजार दिला. म्हणजे पैसे कुणाचे आणि माणूस कुणाजवळ, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. एकाचं उत्तर मिळेपर्यंत दुसरं अडवून ठेवलं नाही. त्याच बराकींत पुढे फाळणीनंतर आलेले सिंधी राहिले आणि आजचं गांधीनगर झालं, जिथून आपण लग्नाचा बस्ता बांधतो.

आता 'गावी पाठवू'. हा पर्याय मी उडवून लावत नाही. कित्येकांना मनापासून जायचं असतं. पण तो पर्याय त्याचा आहे, तुमचा नाही, आणि त्याला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. तुमच्या पूर्ण प्रश्नात त्याचं नावही नाही, 'बहादूर' एवढंच आहे. प्रत्येक नेपाळी वॉचमनला आपण बहादूर म्हणतो. माझ्याकडे एक म्हातारा आचारी आला होता, केसपेपरवर 'बहादूर, वय अंदाजे ६५'. सहा दिवस तो काही बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडलेला. शेवटी रंकाळ्यावर चायनीजची गाडी लावणाऱ्या एका नेपाळी पोराला मी वॉर्डात घेऊन आले. त्याने कॉटशेजारी बसून त्यांच्या भाषेत पहिलं विचारलं ते आडनाव, मग जिल्हा. म्हातारा उठून बसला. तासाभरात जिल्हा अछाम, गाव, गावचा वॉर्ड नंबर, धाकट्या भावाचं नाव, सगळं माझ्या वहीत आलं. दुसऱ्या दिवशी भावाशी फोन लागला. भाऊ रडला आणि मग म्हणाला, मॅडम, आत्ता आणू नका, गाडी थांबते तिथून घर तीन तास चढाचं आहे, त्याला पाठीवरून कोण आणणार? पावसाळा गेल्यावर, चालायला लागल्यावर पाठवा. आम्ही तसंच केलं.

उलट झालेलंही सांगते, कारण त्यात माझी चूक होती. एका सोसायटीने लकवा झालेल्या वॉचमनला तिकीट आणि पाच हजार रुपये देऊन एकट्याला गाडीत बसवलं. त्याच्या खिशात माझ्या सहीचं पत्र होतं. 'सोबत कोण जाणार?' एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. 'आम्ही व्यवस्था केलीय' यावर मी विश्वास ठेवला. चौथ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या एका स्टेशनवरून मला फोन आला, पत्रावर माझा नंबर होता म्हणून. तो गावी पोचला नाही. तेव्हापासून सोबतीचं नाव आणि उतरवून घेणाऱ्याचा फोन नंबर वहीत लिहिल्याशिवाय मी कुणाला 'गावी रवाना' असा शेरा दिला नाही. तुमच्या गटाला हे वाचून दाखवा.

तेव्हा त्याला जायचंच असेल तर असं करा. तो टेकूशिवाय पन्नास पावलं चालेपर्यंत थांबा. घरच्यांशी व्हिडिओ कॉल लावून द्या, तुम्ही खोलीबाहेर थांबा, त्यांचं त्यांना बोलू द्या. कोल्हापूरहून दिल्लीतल्या निजामुद्दीनला आठवड्यातून एक थेट गाडी आहे, पुढे पश्चिम नेपाळातल्या अछाम-डोटीकडचा असेल तर बनबसा किंवा गौरीफंटा सीमेवरून जावं लागतं. तुमच्यातलं कुणी किंवा त्याच्या जिल्ह्याचा एखादा मुलगा घरापर्यंत सोबत हवा, त्याची मजुरी तुम्ही द्या. तिकडे गेल्यावर वयाच्या पुराव्यासह गावच्या वॉर्ड कार्यालयात नोंद झाली तर नेपाळ सरकारचा वृद्धभत्ता आहे, महिन्याला ४,००० नेपाळी रुपये, आपले २,५००. डोंगरातल्या घरी तेवढ्या पैशाने म्हाताऱ्याचा मान राहतो. आणि तुम्ही इथून थोडे दरमहा पाठवायचं ठरवलंत तर ते रक्कम आणि मुदत लिहून ठरवा. 'पाठवत जाऊ' म्हटलेले पैसे दिवाळीनंतर बंद होतात.

आणि त्याला जायचं नसेल तर? गावात कुणी उरलं नसेल, किंवा ज्या भावकीशी भांडून तो निघाला तिचं तोंड बघायचं नसेल, असंही असतं. मग तो इथेच राहील, हे मान्य करून पुढचं ठरवावं लागेल. दिवसाची मावशी, रात्री हाकेला ओ देणारा एखादा तरुण वॉचमन, आणि पोलीस ठाण्याच्या पोचपावतीवर, तुमच्यातल्या कुणी जामीनदार राहून, एखाद्या संस्थेशी बोलणी. त्याने डोळे मिटले तर आपल्या पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, होळीच्या सुमारास लोक शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात आणि त्या कुणाच्या चितेला लागतील हे विचारत नाहीत. या गावाला ही सवय आहे. ती चिता रचायच्या आधीच्या महिन्यांतही दिसावी एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या बाबतीत बरंच काही मी इथून सांगू शकत नाही. ऑपरेशन कुठल्या प्रकारचं झालं, साखर आहे का, स्मरणशक्ती कशी आहे, यावर दिवस कमी-जास्त होतील. खोली कोरडी नसेल तर तळमजल्यावरच्या कुणाची तरी एक खोली सहा आठवड्यांसाठी मागावी लागेल. पण एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत लागते: नाव घालून एक माणूस. 'सोसायटी बघेल' असं ठरलं की कुणीच बघत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय. हिशेब, डॉक्टर आणि फोन या तिन्हीसाठी एक नाव ठरवा, आणि ते बहुतेक तुमचंच असेल, कारण प्रश्न तुम्ही विचारलात.

पुढची मीटिंग रविवारी आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी एका संध्याकाळी वॉर्डात जा, स्टूल ओढून बसा आणि त्याचं पूर्ण नाव विचारा. मग जिल्हा, गाव, वॉर्ड, घरी कोण कोण होतं. भाषेची अडचण आली तर कोपऱ्यावरच्या मोमोवाल्या मुलाला सोबत घ्या. जे सांगेल ते त्याच्यासमोर लिहा आणि त्याला वाचून दाखवा. कमोडची खुर्ची मात्र त्याच्याही आधी, उद्याच आणा.